कपाच्या बुडाची धार

"घाई असेल त्यानं दात वापरावेत."

अण्णांचं हे वाक्य गल्लीतल्या लहानथोरांना पाठ होतं. दोरीची गाठ सुटत नाही म्हणून कुणी कुरकुरला, पाकीट उघडत नाही म्हणून कुणी चिडला, की अण्णा मान न वळवता एवढंच म्हणायचे आणि आपल्या कामाला लागायचे. गंमत अशी, की म्हणणाऱ्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता. कवळी होती, पण ती बहुतेक वेळ रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात झोपलेली असायची.

अण्णांनी उभी हयात थिएटरच्या दारात काढली. डोअरकीपर. लोक रांगेनं यायचे, अण्णा तिकीट घ्यायचे, मधोमध फाडायचे, अर्धुक परत द्यायचे. खेळ सुरू झाल्यावर कुणी उशिरा आलं, तर हातातल्या बॅटरीचा उजेड त्याच्या पायापुढे टाकत टाकत त्याला खुर्चीपर्यंत पोचवायचे. म्हणून गावभर नाव पडलं, बॅटरी. थिएटर बंद पडलं, तिथे टायरचं गोदाम झालं, पण बॅटरी काही कमरेवरून उतरली नाही. अजूनही घरी पाहुणा आला आणि जिन्यात अंधार असला, की अण्णा त्याच्या पायाशी उजेड धरायचे आणि सवयीनं म्हणायचे, "सांभाळून, पुढे पायरी आहे." पाहुणा सोफ्यावर टेकला की बॅटरी बंद.

तिकिटं फाडून फाडून त्यांच्या अंगठ्याला एक विद्या आली होती. अंधारातसुद्धा कागद हाताला लागला की अंगठा सांगायचा, हे आजचं तिकीट, हे कालचं. फाडताना आवाज ऐकून ते ओळखायचे, की कागद एकेरी आहे की घडी घालून दोन माणसं एका तिकिटात घुसताहेत. कानानं आणि अंगठ्यानं जगलेला माणूस. डोळे नुसते जोडीला होते.

याच थिएटरात वरच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसायचा. मशीन तो चालवायचा, रिळं तो बदलायचा, तुटलेली फिल्म तो कापून जोडायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक घडीचा चाकू होता. हाडाची पिवळट मूठ, बोटभर पातं, मिटताना असा गोड आवाज करायचा की जणू एखादं लहान मूल झोपेत तोंड मिटतंय. अण्णांचा त्या चाकूवर तेव्हापासून डोळा. पण ऑपरेटरनं त्यांना कधी केबिनमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. म्हणायचा, "बॅटरी, तुझं राज्य दारापर्यंत. तू फाडायचं काम कर, कापायचं काम वरचं."

आता दोघंही म्हातारे झाले होते. एकाच गल्लीत राहायचे, गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून चहा प्यायचे आणि एकमेकांचा उद्धार करायचे. आणि एक दिवस ऑपरेटर म्हणाला, "महिनाअखेरीला मी लेकीकडे राहायला चाललो. कायमचा."

अण्णांना चहा एकदम बेचव लागला. पण तसं दाखवतील तर ते अण्णा कसले. म्हणाले, "चला, बाकावर पाय पसरायला जागा झाली."

ऑपरेटर तेव्हा पुस्तकांचा एक गठ्ठा बांधत होता. बांधून झाल्यावर उरलेली दोरी कापायला त्यानं खिशातून तोच चाकू काढला. दोरीवर घासला. पुन्हा घासला. दोरीचा एक धागा तेवढा फुगला, बाकी तिला ढिम्म नाही.

"अरेरे," अण्णा म्हणाले. "याच्यापेक्षा माझी कवळी बरी. देऊ?"

ऑपरेटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चाकूला धार नाही म्हणून काय झालं? लावून घेतली की लागेल. तुझ्यासारख्याच्या हाती दिला तर त्याचा पार चमचा होईल."

"मी लावून देतो."

"तू?" ऑपरेटर असा हसला की बाक हलला. "आयुष्यभर कागद फाडले तू. घे. निघण्याआधी याला धार लावून दाखव. लावलीस तर चाकू तुझा. नाही लागली तर सगळ्या गल्लीसमोर म्हणायचं, की ऑपरेटर तो ऑपरेटर आणि बॅटरी ती बॅटरी."

अण्णांनी चाकू उचलला. त्या क्षणी त्यांना धार कशाशी खातात हेही माहीत नव्हतं.

त्यांनी रात्रीच्या जेवणाला मुलाला गाठलं. मुलगा बिचारा सरळ माणूस, बापानं काही मागितलं तर कारण न विचारता मोबाइलवरून मागवणारा. चार दिवसांत खोकं आलं. आत एक लाकडी ठोकळा, त्याला दोन तिरकी भोकं, आणि दोन पांढऱ्याशुभ्र सिरॅमिकच्या कांड्या. कांड्या भोकांत बसवल्या की भांडण झालेल्या नवराबायकोसारख्या एकमेकींपासून लांब कलायच्या. अण्णांनी अंगठा फिरवला. बोट लावल्यावर वाटावं गुळगुळीत, पण नख लावलं तर बारीक खरखर. मांजराच्या जिभेसारखी.

सोबत एक कागद होता. वापरायची रीत त्यात लिहिली होती. अण्णांनी तो न वाचता मधोमध फाडला. सवय.

मग ते बसले. लहानपणी सायकलचं चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला त्यांनी पाहिलं होतं, तो पातं दगडावर तिरपं धरायचा. अण्णांनीही तिरपं धरलं. कांड्या आधीच तिरक्या, त्यात चाकू तिरका. दोन तिरके एकत्र आले की काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्यांनी जोर लावून खसाखसा घासलं, पांढऱ्या कांड्या काळ्या पडल्या आणि चाकूची जी थोडीफार धार उरली होती तीही गोल झाली. पूर्वी दोरीचा धागा तरी फुगायचा, आता दोरीला गुदगुल्या व्हायला लागल्या. शेवटी चिडून त्यांनी आणखी जोर केला, पातं कांडीच्या टोकावरून निसटलं आणि डाव्या अंगठ्यावर आलं.

नेमकी तेव्हाच सूनबाई ड्युटीवरून घरी आली.

सूनबाई दवाखान्यात सिस्टर होती. सगळा वॉर्ड तिला वचकून असायचा, डॉक्टरसुद्धा तिच्या टेबलावर पेन ठेवताना विचारून ठेवायचे. तिनं अंगठा पाहिला, ठोकळा पाहिला, कांड्या पाहिल्या. अंगठा धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. अण्णांना वाटलं, सुटलो. मग तिनं तोंड उघडलं.

"कप हातात धरला तर बशीत अर्धा चहा सांडतो तुमचा, आणि चाकूला धार लावताय?"

"अगं, एवढंसं तर लागलंय."

"आज एवढंसं. उद्या बोटच जाईल. माझ्या घरात मी हे चालू देणार नाही, अण्णा." आणि ठोकळा, कांड्या, सगळं तिच्या कपाटात गेलं. किल्ली तिच्या पर्सला. चाकू तेवढा अण्णांनी मांडीखाली सरकवला होता, म्हणून वाचला.

पुढचे दोन दिवस अण्णा तोंड पाडून बसले. महिनाअखेर तर पाहुण्यासारखी पायरी चढत येत होती. ऑपरेटर बाकावरून रोज विचारायचा, "काय बॅटरी, चमचा झाला का तयार?" अण्णा म्हणायचे, "घाई असेल त्यानं दात वापरावेत." पण आवाजात जीव नसायचा. चाकू गेला तर गेला. पण ज्या माणसानं उभ्या जन्मात आपल्याला दारापलीकडे येऊ दिलं नाही, तो जाताना शेवटचं हसून जाणार, हे त्यांच्या मनाला डाचत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. अण्णांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि उगाच बुडावरून अंगठा फिरवला.

अंगठा थबकला.

कपाला सगळीकडून चकाकी असते, पण बुडाची जी कडी टेबलावर टेकते, ती मात्र उघडी असते. कोरी माती. अण्णांचा अंगठा त्या कडीवरून पुन्हा पुन्हा गेला आणि त्यानं सांगितलं: मांजराची जीभ. तीच खरखर. तीच कांडी, फक्त गोल वाकवलेली.

अण्णा खुर्चीवरून उठले, दाराला आतून कडी लावली आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आले. ऑपरेटरच्या चाकूला हात लावायची आता छाती नव्हती. आधी सुरीवर शिकायचं, मग चाकूवर.

इथे तिरपेपणा धरून ठेवायला कांडी नव्हती. तो आपल्या हातानंच धरायचा होता, आणि हात तर थरथरणारा. अण्णांनी ट्रंकेतून जुन्या तिकिटांची गड्डी काढली. थिएटर बंद झालं त्या दिवशी उरलेली, न फाडलेली तिकिटं. त्यातलं एक घडी घालून त्यांनी पात्याच्या पाठीखाली सरकवून पाहिलं. बस, पाठ एवढीच उचलायची. घडी मावली पाहिजे, निसटून पडता कामा नये. मग घडी काढायची आणि तेवढ्याच उंचीवर पातं कडीवरून ओढायचं. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं.

जोर लावायचा नाही हे त्यांना कानानं शिकवलं. जोर लावला की कप किंचाळायचा. हलकं ओढलं की नुसती कुजबुज व्हायची. अण्णांनी आयुष्यभर दिवे मालवलेल्या हॉलमधली कुजबुज ऐकली होती, त्यांना ती ओळखीची वाटली. ते कुजबुज ऐकत ओढत राहिले. मग पात्याच्या कडेला लोखंडाची केसाएवढी कूस उलटल्याचं अंगठ्याला जाणवलं, म्हणजे या अंगाचं पुरे झालं. त्या अंगानं हलक्या हातानं तेवढंच केलं की कूस पडायची आणि मागे धार राहायची.

आता धार आली की नाही हे बघायला काहीतरी कापायला नको का? वर्तमानपत्र होतं. संध्याकाळी मुलगा ऑफिसमधून आला, त्यानं पेपर उघडला तर पहिल्या पानाच्या शेवया झालेल्या.

"अण्णा, हे काय?"

"बातम्या बारीक करून वाचाव्यात. डोळ्यांना त्रास होत नाही."

पेपर झाला. पण खरी धार अंगावरचे केस भादरते, असं कुठेतरी ऐकलेलं. अण्णांनी डाव्या हातावर सुरी फिरवली. पहिल्या दिवशी केस नुसते आडवे झाले. चौथ्या दिवशी दोन-चार उडाले. आठवडाभरानं मनगटापासून कोपरापर्यंत हात असा स्वच्छ झाला की दुधी भोपळ्यानं लाजावं. मग उकाड्यातही अण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायला लागले.

सिस्टरच्या नजरेतून ते सुटणार होतं थोडंच. "अण्णा, उकडत नाही का? बाही वर करा बघू." तिनं स्वतःच बाही सरकवली आणि तिचा चेहरा उतरला. हात उजेडात धरला, उलटसुलट केला. "खाज येते का? एकाच हाताचे केस कसे गेले?"

अण्णा साळसूदपणे म्हणाले, "वय झालं बाई. पानगळ."

त्या दिवसापासून सूनबाई रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हाताला मलम चोळायला लागली. ड्युटीवर जायची घाई असली तरी चुकवायची नाही. अण्णांना मनातून लाज वाटायची. पण मलम थंडगार होतं आणि खरं सांगितलं असतं तर सुरीसुद्धा कपाटात गेली असती. ते मूग गिळून हात पुढे करायचे.

कपांचंही तेच. "सगळ्या कपांच्या बुडाला हे काळं कडं कशानं आलंय?" सूनबाई घासून घासून थकली. तिनं साबण बदलला. मग घासणी बदलली. कडं धुऊन निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर.

"पाणी खराब येतंय," अण्णा म्हणाले.

असं करता करता महिनाअखेरचा शनिवार आला. उद्या सकाळी ऑपरेटर जाणार. दुपारी घर रिकामं झाल्यावर अण्णांनी आधी हात बसावा म्हणून सुरीला धार लावली. सुरी आता अशी झाली होती की कागदाला कळायच्या आत कागदाचे दोन व्हायचे. मग त्यांनी छाती घट्ट करून ऑपरेटरचा चाकू उघडला आणि कपाच्या कडीवर धरला.

पण चाकू काही ऐकेना. कितीही ओढा, गोल झालेली धार गोलच. अण्णांनी डोकं खाजवलं. पातं कडीला टेकतंय तर खरं, पण टेकतंय कुठे? धारेवर टेकतंय की वरच? डोळ्यांना ते दिसेना. मग त्यांना युक्ती सुचली. सूनबाईच्या आरशासमोर लालभडक नेलपॉलिशची बाटली होती. ती आणून त्यांनी धारेच्या दोन्ही बाजू रंगवून काढल्या. आता जिथला रंग खरवडून निघेल, तिथे पातं टेकतंय. एवढंच की रंग वाळायला हवा. अण्णांनी चाकू टेबलावर ठेवला, खुर्चीत मान मागे टाकली आणि रंगाच्या आधी अण्णाच पेंगले. एक हात खाली लोंबकळत राहिला. तोंड उघडं, कवळी खिशात.

आणि सूनबाई त्या दिवशी लवकर सुटली.

आतली कडी लावायची अण्णांची राहिली होती, दार तिनं तिच्या किल्लीनं उघडलं. समोर खुर्चीत मान टाकलेले सासरे. टेबलावर उघडा चाकू. चाकूच्या पात्यावर लाल.

ती किंचाळली नाही. सिस्टर होती. पर्स जिथल्या तिथे टाकून धावली, लोंबकळणारं मनगट पकडलं, नाडी शोधली. अण्णांनी एक डोळा उघडला.

"मध्यंतर झालं का?"

मग मात्र ती किंचाळली. असं किंचाळली की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. मुलगाही तोवर आला, तो दारातच उभा राहिला. सूनबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. घाबरून गेलेलं माणूस ओरडतं तसं ती ओरडत होती आणि मधूनच पदरानं डोळे पुसत होती. शेवटी तिनं चाकू मिटला, कपाटात टाकला आणि किल्ली फिरवली. "आता या घरात तुमच्या हाताला नेलकटरसुद्धा लागणार नाही!"

"अगं, उद्या सकाळी त्याला..."

"मला काही सांगू नका!"

आणि राग काढायला ती स्वयंपाकघरात गेली. टोमॅटो घेतला, रोजची विळी सोडून बऱ्याच दिवसांनी सुरी घेतली. इतकी वर्षं त्या बोथट सुरीवर जसा अंगाचा सगळा भार टाकायची, तसा टाकला.

अण्णांना आतून आवाज आला. आधी टोमॅटोचा, मग सूनबाईचा.

अण्णा कधी नव्हे ते पळत गेले. बॅटरी पेटवून तिच्या बोटावर उजेड धरला. मुलानं कापूस आणला.  सूनबाई मात्र बोट उजेडात धरून सिस्टरच्या डोळ्यांनी जखमेकडे बघत होती.

"किती स्वच्छ कापलंय," ती हळूच म्हणाली. "रेघ मारल्यासारखं." मग तिनं सुरी उचलली. "ही सुरी? ही तर वरण ढवळायच्या लायकीची नव्हती. हिला धार कुणी लावली?"

"मी नाही," मुलगा घाईनं म्हणाला.

अण्णा छताकडे बघायला लागले.

"कशावर लावली? कांड्या तर माझ्या कपाटात..." तिची नजर ओट्यावर पालथ्या घातलेल्या कपाकडे गेली. बुडाला काळं कडं. तिथून ती वर्तमानपत्राच्या शेवयांकडे गेली. आणि तिथून अगदी सावकाश, अण्णांच्या डाव्या बाहीकडे. "आणि हा हात! अण्णा! पंधरा दिवस मी मलम चोळतेय!"

"थंड वाटायचं गं," अण्णा म्हणाले. "गुणही आला. बघ, पुन्हा उगवायला लागलेत."

मुलगा फिसकन हसला. सूनबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कापूस घेऊन बाहेर गेला.

अण्णांनी बॅटरी बंद केली. स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच सरळ बोलले. ऑपरेटर, केबिन, दोरी, पैज, सगळं सांगितलं. "उद्या तो जाईल बाई. चाकू असाच परत गेला तर जन्मभर हसेल. आणि तुला सांगतो, तो काय म्हणाला माहितेय? म्हणाला, तुझी सिस्टर तुझ्या हातात कात्रीसुद्धा ठेवत नसेल. तिच्या राज्यात तू पेशंट."

आता ऑपरेटर असं म्हणाला होता का? चमचा म्हणाला होता. बाकीचं तिखटमीठ अण्णांचं.

"असं म्हणाला?" सूनबाईच्या भुवया वर गेल्या. "माझं नाव काढून?"

"चारचौघांत."

ती उठली. कपाट उघडलं. चाकू, ठोकळा, काळवंडलेल्या कांड्या, सगळं टेबलावर आणून मांडलं. कांड्या आधी भांड्यांच्या पावडरीनं घासून पुन्हा पांढऱ्या केल्या. आणि पट्टीचं बंडल घेऊन अण्णांचा डावा अंगठा ओढला.

"अगं, मला लागलं कुठे?"

"आधीच बांधते. माझ्यासमोर करायचं, आणि बांधून करायचं." अंगठा असा जाडजूड झाला की जणू त्याला स्वेटर घातलाय.

अण्णा ठोकळ्यासमोर बसले. कपावर इतके दिवस तिरपेपणा आपल्या हातानं सांभाळला होता, म्हणून आता कांड्यांकडे पाहताच त्यांना उमगलं. अरे, तिरकं व्हायचं काम तर यांनी आपल्याकडे घेतलंय! आपण फक्त सरळ राहायचं. पातं उभं धरायचं आणि वरून खाली आणायचं, भाकरीचा तुकडा तोडल्यासारखं नाही, पडदा खाली येतो तसं.

"हात थरथरतोय," सूनबाई म्हणाली.

"थरथरू दे. दार थरथरतंय का?"

अण्णांनी खुर्ची आणि ठोकळा फिरवून घेतला आणि दाराच्या चौकटीकडे तोंड केलं. एक डोळा मिटून चाकूची पाठ चौकटीच्या उभ्या रेषेशी जुळवली. जन्मभर दारात उभं राहिलेला माणूस. सरळ म्हणजे काय हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. हात हलला की पात्याच्या कडेनं चौकट दिसायची, दिसली की हात जागेवर यायचा. एकदा उजव्या कांडीवर, एकदा डाव्या. नेलपॉलिशची लाल रेघ बरोबर धारेवरून निघायला लागली. सूनबाई श्वास रोखून बघत होती. थोड्या वेळानं तिची खुर्ची आपोआप जवळ सरकली. आणखी थोड्या वेळानं ती म्हणाली, "हं, डावीकडे जोर होतोय. ऐका, आवाज वेगळा येतोय." अण्णांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. सुनेला कान होता.

शेवटी कुजबुज अगदी विरत गेली. आता केसांवर बघायचं तर अण्णांच्या डाव्या हाताला केसच नव्हते.

सूनबाईनं हाक मारली, "अहो, जरा इकडे या. हात पुढे करा."

मुलगा आला. सरळ माणूस. त्यानं कारण न विचारता हात पुढे केला.

सकाळी ऑपरेटरच्या दाराशी गाडी उभी होती. लेक गडबडीत सामान चढवत होती. पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा बांधून झाला होता, दोरी मात्र लांबलचक उरली होती. अण्णा येताना दिसले तसा ऑपरेटर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आला का चमचा?"

अण्णांनी चाकू पुढे केला. ऑपरेटरनं तो उघडला, धार उजेडाकडे धरून पाहिली. चेहऱ्यावरचं हसू जरा पुसट झालं. "दिसायला तर बरी दिसतेय," तो पुटपुटला. आणि मग लबाड डोळ्यांनी म्हणाला, "तसं बघितलं तर बॅटरी, इतकी चांगली धार आलीय तर चाकू मला वाटेत उपयोगी पडेल. तुला मी तिकडून दुसरा पाठवतो."

"बाबा, आटपा!" लेक गाडीतून ओरडली.

"आलो, आलो." ऑपरेटरनं दोरी डाव्या हातात धरली, चाकू लावला, आणि इतकी वर्षं लावला तसा रग लावून दाबला.

दोरी कापली गेली. दोरीमागे अंगठाही होता.

"आई गं!"

"हं," अण्णा म्हणाले. "घाई असेल त्यानं दात वापरावेत."

या वेळी त्यांनी खिशातली कवळी काही देऊ केली नाही. आपल्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी उलगडली. आतला अंगठा अगदी ठणठणीत होता. स्वच्छ बाजू आत करून त्यांनी ती ऑपरेटरच्या अंगठ्याला गुंडाळली. ऑपरेटर आधी पट्टीकडे, मग अण्णांच्या न कापलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्यानं चाकू मिटला. मिटताना तोच गोड आवाज झाला. आणि त्यानं तो अण्णांच्या तळहातावर ठेवला.

"घे रे बाबा. तुझा तू सांभाळ. मला भीती वाटते त्याची आता." मग म्हणाला, "एकदा तरी केबिनमध्ये यायला हवं होतंस तू."

"तू बोलावलं कुठे?"

"हो," ऑपरेटर म्हणाला. "ते राहिलंच."

अण्णांनी कमरेची बॅटरी काढली. लख्ख ऊन पडलेलं, तरी त्यांनी ती पेटवली आणि गाडीच्या पायरीवर उजेड धरला. "सांभाळून. पुढे पायरी आहे." ऑपरेटर चढला, बसला. अण्णांनी बॅटरी बंद केली, चाकू खिशात कवळीच्या शेजारी ठेवला आणि गाडी निघायची वाट न बघता पाठ फिरवली.

ते गल्लीतून चालायला लागले. मागे गाडीच्या खिडकीतून एक पट्टी बांधलेला अंगठा बाहेर आला होता, आणि पुढे वरच्या गॅलरीत, पट्टी बांधलेलं बोट कठड्यावर ठेवून, सूनबाई उभी होती. अण्णांनी मागेही पाहिलं नाही आणि वरही पाहिलं नाही. दोघंही आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"अण्णा, चहा निवतोय, पाय उचला!" वरून हाक आली.

अण्णांनी चाल आणखी थोडी हळू केली.

गॅलरीत सूनबाई हसली. मग आत वळून नवऱ्याला म्हणाली, "राहू दे. घाई असेल त्यानं..." आणि चहाचा कप उचलायच्या आधी तिनं तो पालथा करून बूड बघून घेतलं.